डिंगीची घडवंची

साडू हे नातं मोठं चमत्कारिक आहे. बायको आपण बघून, पसंत करून आणतो (निदान तसा आपला समज असतो). साडू तिच्याबरोबर आपोआप येतो, गृहकर्जाबरोबर विम्याची पॉलिसी गळ्यात पडते तसा. त्यातून साडू इंजिनिअर असेल, अमेरिकेत असेल, आणि आपण डोंबिवलीला राहून बँकेत क्लार्क असू, तर सासुरवाडीच्या प्रत्येक कार्यात श्रीखंडाचं पातेलं आपल्याच हातात का येतं, हे निराळं सांगायला नको.

आमचे साडूसाहेब गेली पंचवीस वर्षं मेरिलँड राज्यात आहेत. तिथे चेसापीक नावाचा एक लांबलचक उपसागर आहे. मुंबईहून रस्त्याने रत्नागिरीला जावं एवढी त्याची लांबी, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. सरासरी खोली मात्र साडेसहा मीटरच्या आसपास. या पाण्याच्या काठी राहून बोट नसणं म्हणजे आपल्याकडे फ्लॅटमध्ये राहून मिक्सर नसण्यासारखं आहे, असं साडूंचं म्हणणं. तेव्हा त्यांनी बोट घेतली. फोन नीट ऐकू येत नव्हता. ‘बोट घेतलीय’ हे आमच्या हिने ‘बोट गेलंय’ असं ऐकलं आणि ‘उजव्या हाताचं की डाव्या?’ असं विचारून ती मटकन् खाली बसली. खुलासा झाल्यावर ती म्हणाली, ‘‘हात्तिच्या!’’ मग माझ्याकडे बघून गप्प राहिली. त्या गप्प राहण्यात आमच्या स्कूटरचा उल्लेख होता.

मी अमेरिकेला गेलो तो २०२४ च्या जुलैअखेर. गेलो म्हणजे पाठवला गेलो. सासूबाई २०२२ साली वारल्या, आणि तेव्हापासून आमचे सासरे, नाना, हर्णैच्या घरात एकटे राहतात. वय ८३. जन्मभर मास्तरकी केलेली, त्यामुळे प्रकृती ठणठणीत आणि आवाज त्याहून ठणठणीत. त्यांना अमेरिकेला न्यायचं थोरल्या मेहुणीने, म्हणजे ताईने, ठरवलं. पण एवढ्या लांब एकटं पाठवायचं कसं? मग सोबत म्हणून मी. तिकीट साडूंनी काढलं. मॅनेजरसाहेबांनी रजेचा अर्ज दोनदा वाचला, ‘कारण’ या सदरात ‘सासऱ्यांना पोचवणे’ असं बघून ‘‘कुठपर्यंत?’’ विचारलं, आणि ‘अमेरिका’ म्हटल्यावर चष्मा काढून माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीतला हा एकमेव प्रसंग.

निघण्यापूर्वी मला दोन गुप्त सूचना मिळाल्या. ताईचा फोन आला, ‘‘त्यांना इथली हवा एकदा मानवली की आम्ही ठेवूनच घेणार आहोत. कागदपत्रांचं हे बघतायत. तुम्ही फक्त मधे काही बोलू नका.’’ आणि बॅग भरता भरता आमची ही म्हणाली, ‘‘परत येताना नानांना घेऊनच या. बाकी काही आणलं नाहीत तरी चालेल.’’ एकाच रकमेचे दोन चेक दोन वेगवेगळ्या माणसांनी वटवायला आणावेत आणि खात्यात पैसे एकाचेच असावेत, तशी माझी अवस्था झाली. अशा वेळी अनुभवी क्लार्क जे करतो ते मी केलं. दोन्ही सूचना मुकाट्याने घेतल्या.

पहिल्याच शनिवारी आम्ही बोटीवर गेलो. अ‍ॅनापोलिस गावाजवळच्या एका खाडीत, धक्क्याला शेकडो बोटी एस.टी. स्टँडवर गाड्या लागतात तशा लागलेल्या. आमची त्यात ३८ फुटी, वीस वर्षं वापरलेली. पण धुऊनपुसून अशी ठेवलेली, की पायातल्या चपला काढून नमस्कारच करावा. चपला खरंच काढाव्या लागल्या. डेकवर डाग पडतात.

या बोटीला मागच्या बाजूला, पाण्याच्या अगदी लगत, एक सपाट फळी असते. फळी कसली, चांगला अंगणातल्या ओट्याएवढा ओटा. आमची बोट तेरा फूट रुंद, त्यामुळे ओटाही तेवढाच लांब. त्याला म्हणतात स्विम प्लॅटफॉर्म. त्यावर बसावं, पाण्यात उतरावं, पोहून पुन्हा त्यावर चढावं. नानांनी सगळी बोट पाहिली. स्वयंपाकघर पाहिलं, फ्रीज पाहिला, संडासात जाऊन साखळी कुठे आहे ते शोधलं, आणि कशाबद्दल चकार शब्द काढला नाही. मागचा ओटा दिसला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा फुलला.

‘‘हा ओटा झकास आहे हो, जावईबापू. इथे पाय सोडून बसता येईल.’’

आणि ते उतरले. दोन पावलं टाकली, आणि ‘‘आई ग!’’ असं हर्णैला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. ओट्याच्या ऐन मध्यावर पांढऱ्या रंगाच्या, गुडघ्यापेक्षा थोड्या कमी उंचीच्या दोन वस्तू घट्ट बसवलेल्या होत्या. त्यातल्या एकीवर नानांचा अंगठा आपटला होता.

‘‘सांभाळा नाना, चॉक आहेत तिथे,’’ साडू वरून म्हणाले. मला वाटलं, खडू. नानांनाही तेच वाटलं असावं. कारण ते अंगठा धरून म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं खडू हातात धरला, पण असा कधी लागला नाही.’’

मग साडूंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. मोठी बोट किनाऱ्याला सगळीकडे नेता येत नाही. खाडीत मधेच नांगर टाकून उभी करावी लागते. मग गावात जायचं, दूध-पाव आणायचा, तर एक धाकटी बोट लागते. तिचं नाव डिंगी. ही दहा फुटांची, खाली अ‍ॅल्युमिनियमचा तळ आणि कडेने हवा भरलेल्या रबरी नळ्या. इंजिन धरून ऐंशी-एक किलो वजन. प्रवासात ही धाकटी ठेवायची कुठे? तर मागच्या ओट्यावर आडवी. पण हिचा तळ मधे टोकदार. नुसती ठेवली तर लवंडणार. म्हणून तिच्या तळाच्या आकाराचे दोन आधार ओट्यावर ठोकायचे, एक पुढच्या अंगाला आणि एक मागच्या. ते चॉक.

‘‘म्हणजे घडवंची,’’ नाना म्हणाले.

साडूंनी इंजिनिअरिंगची पदवी दोन देशांतून घेतली आहे, पण डिंगीच्या चॉकची याहून चांगली व्याख्या त्यांना करता आली नसती. घागरीला चुंबळ, हंड्याला घडवंची, तसा डिंगीला चॉक. हळूच मीही माझी विद्वत्ता पुढे केली. म्हटलं, डिंगी हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच, हिंदी-बंगालीतून उचलला. साडूंना हे माहीत नव्हतं. त्या दिवशी जेवताना मला एक पोळी जास्त घेण्याचा अधिकार प्राप्त झाला, असं मला वाटलं.

आता अडचण अशी की हे चॉक आधीच्या मालकाने त्याच्या डिंगीसाठी बसवलेले. साडूंची डिंगी नवी, तळाचा आकार निराळा. दुसऱ्याच्या मापाची कवळी आपल्या तोंडात बसायची नाही, तसंच हे. जुने काढून नवे बसवायला हवेत. एका कारागिराने या कामाचा खर्च सांगितला. मी मनातल्या मनात ८४ ने गुणलं (तेव्हा डॉलर त्याच्या आसपास होता) आणि माझा तीन महिन्यांचा पगार डोळ्यांपुढून पोहत गेला. ‘‘छे! आपणच करू,’’ साडू म्हणाले. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी ‘आपणच करू’ हे शब्द आले की पाहुण्याने समजावं, आपली सुट्टी संपली.

पण नवे चॉक कसे बसवायचे, यावर शुक्रवारी रात्रीच वाद झाला होता. पद्धती दोन. एक कायमची. चॉकचे पाय सरळ ओट्याला बोल्टने आवळायचे. दुसरी सुटी. ओट्यावर नुसत्या चपट्या बैठका बसवायच्या, चॉकचे पाय त्यांत अडकवायचे आणि प्रत्येक पायात एक स्टीलची पिन घालायची. नको तेव्हा पिन ओढली की चॉक उचलून बाजूला. साडूंचं मत पहिल्या बाजूला. ‘‘काढता-घालता येणारी वस्तू ढिली होतेच. लाटा आल्या की खडखडणार. एकदाच घट्ट बसवून टाकलं की डोक्याला ताप नाही.’’ त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं. पिनेत थोडी फट राहतेच.

मी म्हटलं, ‘‘अहो, आमच्या बँकेत फिक्स्ड डिपॉझिटसुद्धा मुदतीआधी मोडता येतं.’’

‘‘दंड पडतो ना पण?’’

‘‘पडतो. पण मोडता येतं.’’

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी पापडावर लक्ष केंद्रित केलं. नाना ताक पीत होते. ते काही बोलले नाहीत.

शनिवारी सकाळी आम्ही जुने चॉक काढायला बसलो. बोल्ट तासाभरात निघाले. मी म्हटलं, झालं! पण चॉक हलेना. आधीचा मालक धोरणी गृहस्थ होता. त्याने बोल्टच्या खाली शिवाय एक चिकट द्रव्य भरलं होतं. त्याचं नाव आहे ५२००. नुसता आकडा. मला अशी नावं आवडतात, आमच्या फॉर्मांना असतात. हे पूर्ण सुकायलाच पाच ते सात दिवस घेतं आणि एकदा सुकलं की सुटायचं नाव घेत नाही. बोटवाल्यांत म्हण आहे म्हणे, की जे पुन्हा काढायचं नाही तिथेच ते लावावं. आधीच्या मालकाने बहुधा स्वतःला अमर समजून लावलं होतं.

मग सुरू झाली ती एक शस्त्रक्रिया. गरम हवेच्या बंदुकीने ते द्रव्य मऊ करायचं, आणि मऊ झालं की दात साफ करायचा दोरा त्या फटीत घालून दोन्हीकडून करवतीसारखा ओढायचा. एक टोक साडूंकडे, एक माझ्याकडे. ‘‘ओढा.’’ ‘‘सोडा.’’ ‘‘ओढा.’’ ‘‘सोडा.’’ शेजारच्या बोटीवरची गोरी मंडळी खुर्च्या टाकून बघत बसली. त्यांना हा आमचा काही धार्मिक विधी वाटला असणार. दोऱ्याची तीन रिळं संपली. चौथा पाय सुटला तेव्हा रविवारची दुपार झाली होती, आणि माझ्या दोन्ही तर्जन्यांवर वळ उठले होते. ‘बोट गेलंय’ हे हिने ऐकलं ते अगदीच चूक नव्हतं.

संध्याकाळ झाली. ओटा मोकळा. सोळा भोकं तेवढी पट्ट्या चिकटवून बंद केलेली. साडू हत्यारं पुसत होते. नाना उठले, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं, सावकाश ओट्यावर उतरले आणि काठाला पाय पाण्यात सोडून बसले.

‘‘नाना, इथे ऑगस्टात जेलीफिश असतात. डंख मारतात,’’ साडू घाईने म्हणाले.

‘‘मारू देत. या पायांना आता चव कुठली?’’

साडूंनी एक जॅकेट आणून नानांच्या गळ्यात अडकवलं. नानांनी ते अडकवून घेतलं, शाळेत सत्काराचा हार घ्यावा तसं. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘भरती कधी लागते हो इथे?’’

‘‘लागलीय,’’ साडू म्हणाले. ‘‘इथे साधारण फूटभरच असते.’’

नाना अवाक् झाले. फूटभर! आपल्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती असली की पेपरात तारखा छापून येतात. हर्णैला ओहोटी लागली की होड्या वाळूत बसतात आणि भरती आली की त्याच तरंगतात. फूटभर भरतीला नानांच्या हिशेबी भरती म्हणणं म्हणजे तीन मार्कांना पास म्हणण्यासारखं होतं. पण पाहुणे होते. ‘‘शांत आहे पाणी,’’ एवढंच म्हणाले.

आणि मग बोलायला लागले. आमच्याकडे बघून नव्हे, पाण्याकडे बघून.

त्यांच्या लहानपणी मुंबईहून हर्णैला आगबोटीने यायचं. हर्णैला धक्का नव्हता. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, सुवर्णदुर्ग एका अंगाला, आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. पडाव म्हणजे ही तुमची डिंगीच, फक्त लाकडी आणि मोठी. आगबोटीच्या पोटाला शिडी. पडाव लाटेवर वर यायचा, खाली जायचा. वर आला की खलाशी ‘‘टाका उडी!’’ म्हणून ओरडायचा, आणि नेमक्या त्या क्षणी पाय टाकायचा. चुकलात तर मधल्या फटीत. ट्रंका जायच्या, वळकट्या जायच्या, एकदा नानांच्या मामीची फणसपोळीची पाटी गेली ती मामींनी पुढे तीस वर्षं सांगितली. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा नाना सहा वर्षांचे. त्यानंतर त्यांच्या आईने बोटीत पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. पण तेव्हा घाटरस्त्याने यायचं म्हणजे दोन दिवस. शेवटी आलीच बोटीने. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि हलेना. मागे माणसं खोळंबली. खलाशी ओरडतोय. नानांना आधीच पडावात उतरवलेलं. ते काठाला बसले होते, पाय बाहेर सोडून, असेच.

‘‘मग?’’ साडूंनी विचारलं. हत्यारं पुसायचं थांबलं होतं.

‘‘मग काय? मी म्हटलं, आई, पाणी गरम आहे. ती हसली नि उतरली.’’

पाणी गरम असण्याचा उतरण्याशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. पण आम्ही काळोख पडेपर्यंत तिथे बसलो. साडूसुद्धा पाय सोडून बसले. चार वर्षं त्यांच्याकडे बोट आहे. त्या ओट्यावर बसायची त्यांची ती पहिली वेळ, असं ताई नंतर म्हणाली. आधी तिथे चॉक होते.

पुढच्या शनिवारी गाडीच्या डिकीतून नव्या चॉकचं खोकं निघालं. त्याच्याबरोबर एक लहान खोकंही निघालं. त्यात चार चपट्या बैठका आणि चार पिना. मी साडूंकडे पाहिलं.

‘‘सेल होता,’’ ते म्हणाले आणि ड्रिल शोधायला लागले.

आता बोटीच्या ओट्याला भोक पाडणं हा काय प्रकार आहे ते सांगितलंच पाहिजे. मला वाटत होतं, भोक म्हणजे भोक. तसं नाही. हा ओटा सँडविचसारखा. वर फायबरचा पापुद्रा, खाली फायबरचा पापुद्रा आणि मधे लाकूड. भोकातून पाण्याचा थेंब आत गेला की ते लाकूड कुजतं, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस ओटा पायाखाली पावासारखा दबतो. म्हणून आधी पाहिजे त्याहून मोठं भोक पाडायचं. मग ते पूर्ण बुजवायचं. आणि बुजवलेल्या जागी, मधोमध, पुन्हा भोक पाडायचं. बुजवायला दोन भागांची लांबी, आपल्या एम-सीलची श्रीमंत मावसबहीण. ती रात्रभर कडक होते. दुसऱ्या दिवशीचं भोक त्या लांबीतून जातं. बोल्ट लांबीत राहतो आणि लाकडाला पाणी शिवत नाही. हे ऐकून मला अमेरिकेत आल्यापासून प्रथमच घरच्यासारखं वाटलं. आमच्या डोंबिवलीच्या रस्त्याचं काम गेली कित्येक वर्षं नेमकं याच पद्धतीने चालू आहे. फक्त तिथे शेवटी बोल्ट बसत नाही.

जुनी सोळा बुजवली, नवी सोळा पाडली, तीही बुजवली, मग पुन्हा सोळा पाडली. क्लार्कच्या सवयीने मी वहीत टिपत गेलो. एकूण ६४ व्यवहार, आणि ओट्यावर शिल्लक १६ भोकं. ताळेबंद जुळला. प्रत्येक भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्यायचा, नाहीतर वरचा चकचकीत थर तडकतो. हे काम नानांनी मागून घेतलं. एवढ्या वर्षांत मुलांच्या पेन्सिलींना टोकं काढलेला हात, एक तडा गेला नाही.

रविवारी बोल्ट. बोल्ट वरून साडूंनी फिरवायचा आणि खाली नट मी धरायचा. खाली म्हणजे ओट्याच्या खाली. हायड्रॉलिकवर ओटा जेवढा वर जातो तेवढा घेतला, आणि त्याच्याखाली डिंगी सरकवून डिंगीत मला उताणा निजवलं. हातात पाना, छातीवर वॉशर, तोंडात नट. वर काय चाललंय ते दिसत नाही. एक ठोका म्हणजे धरा, दोन ठोके म्हणजे सोडा, असं ठरलं. पहिल्याच बोल्टला शेजारची बोट निघाली, लाट आली, डिंगी वर, मी वर, कपाळ ओट्याला. त्याचा एक ठोका झाला. साडूंनी तो माझा होकार समजून बोल्ट फिरवला.

नट हातात धरून उताणं पडल्यावर माणसाला पुष्कळ सुचतं. मला वाटलं, माझं सगळं आयुष्य हेच आहे. वर कोणीतरी फिरवतोय, त्याचं नाव होतंय, आणि खाली आपण नट धरून. एरवी अशा विचाराने मी चिडतो. त्या दिवशी चिडलो नाही, कारण तेवढ्यात वरून नानांचा आवाज आला. ‘‘जावईबापू, सावकाश. खाली तो माणूस आहे.’’ वीस वर्षांत माझी एवढी दखल बँकेने घेतलेली नाही.

स्टेनलेस स्टीलचा एक दुर्गुण मला त्या दिवशी कळला. नट घाईने फिरवला तर तो बोल्टला असा चिकटतो की पुढे जात नाही, मागे येत नाही, कापूनच काढावा लागतो. म्हणून आट्यांना आधी एक वंगण लावायचं. सातव्या बोल्टला साडू लावायला विसरले. कापायला पाऊण तास. उरलेल्या नऊ बोल्टांना वंगण नानांनी लावलं, कुंकू लावावं तसं, करंगळीने. बैठकांखाली या वेळी ५२०० नाही, त्याचा सौम्य भाऊ भरला, पुढेमागे निघेल असा.

सतरा तारखेला चाचणी. बटण दाबलं, ओटा हळूहळू पाण्याखाली गेला, चॉकही गेले. डिंगी त्यांच्यावर तरंगत आणायची, नेमकी जागेवर धरायची, आणि ओटा वर घ्यायचा. चॉक पाण्याखाली दिसत नाहीत. पहिल्या खेपेला डिंगी वाकडी बसली, लग्नाच्या फोटोत एखादा काका बसतो तशी. दुसऱ्या खेपेला नाना कठड्याला धरून म्हणाले, ‘‘लाट जाऊ द्या... आता घ्या.’’ लाट कसली, फूटभर भरतीच्या खाडीतला तो पाण्याचा सुस्कारा. पण साडूंनी बटण दाबलं आणि डिंगी चॉकवर अशी बसली, की साडूंच्या तोंडून पंचवीस वर्षांनी ‘‘शाब्बास!’’ बाहेर पडलं.

रविवारी आम्ही खाडीत नांगर टाकला. डिंगी पाण्यात सोडली, चारी पिना ओढल्या, चॉक उचलून आत ठेवले, आणि ओटा मोकळा झाला. नाना दुपारभर तिथे बसले. दुसऱ्या दिवशी नारळीपौर्णिमा होती, तेव्हा त्यांनी ताईकडून नारळ मागून आणला होता. पाण्यात काही टाकू नये असा इथे नियम असतो, साडू म्हणाले. नानांनी विचार केला. मग नारळ पाण्याला टेकवला, नमस्कार केला, आणि ताईच्या हातात दिला. ‘‘सोलकढी कर,’’ म्हणाले.

त्या संध्याकाळी ताईने विषय काढला. हवा मानवलीय, बोट आहे, ओटा आहे, नातवंडं सुट्टीत येतात, तिकडे एकट्याने काय करायचं. मी बशीतलं बटाटेवड्याचं सारण निरखत होतो. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बाय, पाणी गरम आहे हो इथलं.’’ ताईला ते हो वाटलं. ती आनंदाने चहा टाकायला उठली. मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण मला सूचना दोन होत्या.

वीस तारखेला सकाळी मी बॅग बंद करून दारात आणली. शेजारी नानांची बॅग आधीच उभी होती, दोरीने बांधलेली. ताई स्वयंपाकघरात बदाम मोजून पिशवीत भरत होती आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. विमानतळावर साडू नानांच्या पाया पडले. नाना म्हणाले, ‘‘थंडीत बोट बाहेर काढाल तेव्हा त्या बैठकांना तेल द्या.’’ साडूंनी मान डोलावली. त्यांना बोलता येत नव्हतं.

डोंबिवलीला पोचल्यावर हिने दार उघडलं, नानांना बघितलं, आणि पहिल्यांदाच मला न विचारता चहा मिळाला. तिसऱ्या दिवशी रात्री साडूंचा फोन. ‘‘अहो, चॉकच्या पिना कुठे ठेवल्यात?’’

मी म्हटलं, ‘‘तिथेच असतील, ड्रॉवरमध्ये.’’

‘‘नाहीत. सगळी बोट पालथी घातली. डिंगी धक्क्याला बांधून ठेवलीय.’’

मला घाम फुटला. नांगर टाकला त्या दिवशी पिना ओढल्या होत्या मी. धुवायला काढलेल्या पॅंटचे खिसे चाचपले. त्यात पेपरमिंटचे कागद, अ‍ॅनापोलिसच्या पार्किंगची पावती, पण पिना नाहीत. मी नानांना हर्णैला फोन लावला, सहज, त्यांना काही आठवतंय का म्हणून.

‘‘त्या होय,’’ नाना म्हणाले. ‘‘तुमच्या पॅंटीत खुळखुळत होत्या, विमानात अडचण नको म्हणून बॅगेत टाकल्या. इथे आल्यावर झोपाळ्याच्या कड्यांना घातल्या. आमच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळे वर्षात गंजतात हो. हे स्टील चांगलं आहे, मी बघितलं, तीनशे सोळा लिहिलंय. चार कड्यांना चार, अगदी मापाच्या.’’

मी साडूंना फोन करून ही हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं,

‘‘खडखडतात का?’’

मी पुन्हा हर्णैला फोन लावला. पाठीमागे झोपाळ्याचा आवाज येत होता.

‘‘थोड्या खडखडतात,’’ नाना म्हणाले. ‘‘पण काढता येतात. त्यांना सांगा, लागतील तेव्हा येऊन घेऊन जा म्हणावं.’’